पांढऱ्या कागदाखालचा माणूस

इब्राहिम, तुला पहिला खांदा कोणी दिला ठाऊक आहे का? हाजी अब्बासने. गर्दीतून वाट काढत पुढे आला, बाह्या सरसावल्या आणि तुझ्या जनाज्याखाली खांदा घातला. लोक आपसात म्हणत होते, केवढा मोठा माणूस, पण गाववाला गेला म्हटल्यावर कसा धावून आला बघा. मी सगळ्यांच्या मागे होतो, डोक्याला रुमाल बांधून. दात इतके आवळले होते की दुसऱ्या दिवशी मला पाव चावता येईना. तू तेव्हा उठून बसायला हवं होतंस. निदान एवढं म्हणायला, की नाखवा, खाली ठेव मला, मी चालत जातो.

पण तू कसला उठतोस! जिवंतपणी त्याच्यापुढे कधी ब्र काढला नाहीस.

कबरस्तानात मूठभर माती मीही टाकली. हात झटकत हाजी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "धाकटा नाय आला? हसन? अल ऐन काय विलायतेत आहे? सख्ख्या भावाच्या मातीला येऊ नये म्हणजे काय?" झालं, सुरुवात झाली. एक म्हणाला, जीपवाल्याबरोबर निरोप पाठवलाय. दुसरा म्हणाला, कसला येतो, इतक्या वर्षांत एकदा तरी फिरकला का? तू ज्यांना बापासारखं मानायचास ते मजीदचाचा डोळे पुसत म्हणाले, "असा भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा." आणि हाजी मान हलवत होता. मान हलवत होता, इब्राहिम! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तुला दिलेल्या शब्दाची सवय अशी पक्की, की मी तोंड मिटून उभा राहिलो. खोलीवर आलो आणि पहिली शिवी तुलाच घातली. आता लिहायला बसलोय तोही भांडायलाच. तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलायला बर दुबईत माणसं कमी नाहीत.

तुझी माझी पहिली लढाई आठवते ना? त्या चित्रावरून झालेली.

आमच्या शिपिंग कंपनीचे थोरले साहेब कायमचे विलायतेला निघाले, तेव्हा बंगला रिकामा करताना त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, दानियल, तू बायबल वाचणारा माणूस, हे तुझ्याकडे राहू दे. एका जुन्या जर्मन बायबलचं सुटं पान होतं ते. चारशे वर्षांपूर्वीचं, असं साहेब म्हणाले. वर चित्र, खाली काटेरी अक्षरं. लाकडाच्या फळीवर उलटं कोरायचं, शाई फासायची आणि कागदावर दाबायचं, अशी त्याची रीत. फळीवर जे ठेवलं ते काळं उमटतं, जे कोरून टाकलं ते पांढरं राहतं, हेही साहेबांनीच समजावलं. आमचा योना संदेष्टा देवाची आज्ञा मोडून गलबतात बसून पळतो, वादळ येतं, खलाशी चिठ्ठ्या टाकतात, त्यात योनाचं नाव निघतं आणि त्याला समुद्रात टाकतात, तो प्रसंग होता. टोपासारखं गलबत, त्यात मावत नाहीत इतकी माणसं. एकाने योनाचे पाय धरलेत, दुसऱ्याने काखेत हात घातलेत, आणि सुकाणूवरचा तिसरा भलतीकडेच बघतोय. खाली शेवयांसारख्या लाटा आणि त्यातून तोंड उघडून वर आलेला मासा.

मी ते पान छातीशी धरून तुझ्या दुकानात आणलं. तसबिरींना चौकट करावी तर तूच. मक्केचं चित्र, शेखसाहेबांचा फोटो, देवळाच्या गल्लीतल्या व्यापाऱ्यांचे गणपती नि लक्ष्म्या, सगळे तुझ्या भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभे असायचे. तू चित्र उजेडात धरलंस आणि म्हणालास, "हा मासा हाय? ह्याला तर डुकराचं तोंड लावलंय!" मग गोष्ट ऐकलीस आणि तुझा चेहरा बदलला. "अरे, हे तर यूनुस नबी. आमच्याकडे पण हीच कहाणी हाय." मला किती आनंद झाला होता! नगरचा मी, बाणकोटच्या बाजूचा तू, दोघे ह्या वाळूत येऊन पडलेले, आणि माझा योना तुझा यूनुस निघाला. त्या दिवशी तू मला दोनदा चहा पाजलास.

आणि आठवड्याने आलो तर काय? चौकट सुरेख, सागवानी, कोपरे बघत राहावेत असे. पण काचेआड योना गायब! त्याच्यावर पांढरा कागद चिकटवलेला. अगदी त्याच्या आकाराचा, हातपाय, बोटं, दाढीसुद्धा कात्रीने कापलेली. खलाशांच्या हातात एक पांढरा माणूस. मी दुकानात असा ओरडलो की समोरचा कापडवाला धावत आला. चारशे वर्षं टिकलेलं चित्र, आणि तू त्यावर खळ फासलीस?

"वरच्या कडेलाच लावलीय," तू शांतपणे म्हणालास. "पदरासारखा उचलला जातो. चित्राला काय झालं नाय. पण नबींची सूरत आम्ही ठेवत नाय, दानियल."

"तू कुठे ठेवतोयस? चित्र माझं आहे! लक्ष्मीच्या तोंडाला कागद लावतोस का?"

"लक्ष्मी गिऱ्हाइकाची. यूनुस नबी माझे पण हायत ना."

"मग त्या खलाशांची तोंडं का नाही झाकलीस? ती चालतात?"

ह्यावर तू पहिल्यांदा डोळे वर केलेस. "ती झाकायची नायत," म्हणालास. बस, एवढंच. मी म्हणालो, ठेव तुझ्याकडेच, खलास, आणि तरातरा निघून आलो. नंतर कळलं की तू ते दुकानात लावलं नाहीस, मागे तुझ्या राहत्या खोलीत नेऊन टांगलंस, आणि नमाजच्या वेळी त्यावर टॉवेल टाकायचास. टॉवेल! चारशे वर्षांच्या चित्रावर अंग पुसायचा टॉवेल!

अबोला मोडला तो तुझ्या भित्रेपणामुळे. तुला पाण्याची किती भीती वाटायची, ते अख्ख्या खाडीला माहीत होतं. आब्र्याच्या होडीतून खाडीपलीकडे डेऱ्याला यायचं म्हणजे तू मधोमध बसायचास, शेजारी असेल त्याची बाही मुठीत धरायचास आणि यूनुस नबींची माशाच्या पोटातली दुआ पुटपुटायचास. इकडचा काठ दिसतो, तिकडचा काठ दिसतो, मधे खाडीचं पाणी, आणि हा कोकणातला गडी पांढराफटक! पूल झाला तेव्हा दुबईत सगळ्यात खूष कोण झालं असेल तर तू. एवढा वळसा घालून जायचास पण पुलावरूनच. पण अबोल्याच्या त्या दिवसांत पूल नव्हता, आब्र्यात नेमका मी शेजारी आलो आणि तू माझीच बाही धरलीस. मी चिडवलं, "काय रे, तुझ्या गावाला समुद्र नव्हता का? की नबींसारखं तुलाही कोणी टाकलं होतं?"

तू माझी बाही सोडली नाहीस. उतरल्यावर म्हणालास, चल, खोलीवर चल.

दुपारची वेळ होती, दुकानं बंद. तू बिनदुधाचा सुलेमानी चहा केलास, टॉवेल बाजूला केलास आणि चित्रासमोर बसलास. मग सांगितलंस. तुम्ही दोघे भाऊ अब्बास नाखव्याच्या लाँचमधून आलात. कागदपत्रं कोणाकडेच नव्हती. खोर फक्कनच्या बाजूला पहाटे किनारा दिसायला लागला. लांबवर गस्तीची वाटावी अशी एक बोट दिसली, नाखव्याला घाई झाली, लाँच पुढे नेईना. म्हणाला, "उतरा, यल्ला, पाणी कमरेएवढं आहे." हसन तुझा धाकटा, सगळ्यात पुढे. त्याला पोहता येत नव्हतं असं नव्हतं, खाडीत मासोळीसारखा पोहायचा पोरगा. पण कमरेएवढं म्हटल्यावर कोण पोहतो? नवे बूट भिजू नयेत म्हणून त्याने गळ्यात अडकवले, बोचकं डोक्यावर घेतलं आणि लाँचच्या कडेवरून उभ्याने पाय खाली सोडला, जिन्याची पायरी उतरावी तसा. पाय टेकलाच नाही, तसाच खाली गेला आणि पाण्याच्या ओढीत सापडला. तू उडी मारलीस, बुड्या मारल्यास, बोचकं हाती लागलं, तो लागला नाही. बाकीचे जे बरोबर होते ते जमेल तसे पोहत किनाऱ्याला लागले आणि पुढे कुणी कुवेतला, कुणी बहरीनला पांगले. तुला तिथल्या कोळ्यांनी बाहेर काढलं.

तू चित्रावर बोट ठेवलंस. "हे बघ, ह्याचे पाय तरी धरलेत. हात तरी लावलाय. ओढताना माणूस ओरडतो, झटापट करतो, त्याला कळतं तरी की आपल्याला टाकतायत." मग सुकाणूवरच्या माणसावर बोट नेलंस, भलतीकडे बघणाऱ्या. "आणि हा आमचा नाखवा."

मी मूर्खासारखा वाद घालायला लागलो. म्हणालो, इब्राहिम, बायबलात ते खलाशी वाईट नाहीत रे. त्यांनी आधी वल्ही मारून मारून गलबत किनाऱ्याला न्यायचा प्रयत्न केला, अगदीच नाइलाज झाला तेव्हा टाकलं, आणि टाकण्याआधी देवाची माफी मागितली.

"मागितली?" तू विचारलंस.

"मागितली."

"मग ते बरे होते," म्हणालास, आणि टॉवेल परत टाकलास.

तेव्हा मला कळलं की त्या कागदाखाली नबी होते, पण तू बघायचास ते कोणाला. मी घरी गेलो तरी डोळ्यांपुढून तो पांढरा आकार हलेना. लाकडात पांढरं असतं ते कोरून फेकून दिलेलं, हे साहेबांचं बोलणं मला त्या दिवशी नकोसं झालं.

आणि मग मी जे काय पेटलो! अब्बास नाखवा तोवर हाजी झाला होता. लाँच विकून खाडीकाठी त्याने दुकान थाटलं होतं, लोक त्याच्याकडे तंटे सोडवायला जायचे. तुझ्याकडे तसबिरी मढवून घ्यायला यायचा, खुर्चीवर बसायचा, "इब्राहिम बेटा" म्हणायचा. आणि तू त्याला सुलेमानी द्यायचास! लिंबू पिळून! मी म्हणायचो, बोल त्याला. चार लोकांत विचार. तू म्हणायचास, आई हाय तोवर तोंड उघडायचं नाय, माझा जीव गेला तरी नाय. तुझी आई गावी हसनची वाट बघत होती. तू तिला कळवलं होतंस की हसन आत अल ऐनला खजुराच्या बागेत कामाला आहे, वाळूतून जीपने जावं लागतं, तिकडून कोणी येत-जात नाही. तेच तू इथे सगळ्यांना सांगितलंस, कारण इथे बोललेलं पुढच्या लाँचने गावात पोचतं. माझ्याकडूनही तू शब्द घेतलास.

आईने हसनसाठी मुलगीसुद्धा बघून ठेवली होती. तुझ्या लग्नाचं काढलं की तू म्हणायचास आधी हसनचं होऊ दे, आणि हसनचं काढलं की म्हणायचास त्याचं काम संपू दे. असा बिनलग्नाचा राहिलास. गावाहून कोणी आलं की त्याच्या हाती आईची दोन पुडकी यायची, खोबऱ्याच्या वड्या, सोडे, आमसुलं. एक तुझं आणि एक लाल दोरा बांधलेलं, हसनचं. ते लाल दोऱ्याचं पुडकं तू आधीपासून मला द्यायचास, "घे, जास्तीचं आलंय" म्हणून. कित्येक वेळा त्या वड्या मी चहाबरोबर मिटक्या मारत खाल्ल्या. खरं कळल्यावर मी पुडकं परत केलं, तर तू माझ्यावर डाफरलास. "आईने मुलासाठी केलंय. कोणीतरी मुलानेच खायला हवं." इब्राहिम, मला इथे सख्खं कोणी नव्हतं. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण तिच्या हातच्या वड्यांवर मी ह्या वाळूत माणूस राहिलो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, पण सांगतो.

रुपये जाऊन रियाल आले त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली. मी म्हणालो, आता? आता कोणाची भीती? आणि तू काय म्हणालास, आठवतं? "त्याच्या ध्यानात नाय रे, दानियल. खरंच नाय. किती लोक उतरवले त्याने, किती किनाऱ्यांवर. त्याला वाटतं हसन अल ऐनलाच हाय. मी विचारलं आणि तो म्हणाला, कोण, कधी, कुठे? तर मी काय करू? माझ्या भावाला तो विसरला, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाय."

मी म्हणालो, त्याला सगळं आठवतं. तो तुझ्याशी इतका गोड का बोलतो मग? तू म्हणालास, तो सगळ्यांशीच गोड बोलतो. मी म्हणालो, तू भित्रा आहेस. तू म्हणालास, हाय. ह्या एका गोष्टीवरून आपण किती भांडलो! तू आपला दरवेळी त्याची बाजू घ्यायचास, जणू तो विसरलाय हाच तुला आधार होता. गेल्या महिन्यात मी शेवटचं चिडून म्हणालो होतो की तुझ्यासारख्या मवाळ माणसाशी मैत्री ठेवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं आहे. तू हसलास आणि चहा पुढे केलास. मग गेल्या आठवड्यात दुकानात, हातात काच कापायचा हिरा, बसल्या जागी गेलास. मला म्हणायची संधीही दिली नाहीस की बाबा, मी ते तेवढं रागात बोललो.

काल तुझी जियारत होती, तुझ्या नावाची पढाई. तुझ्या मागच्या खोलीत चादर अंथरली, मधे चिंचोक्यांचा ढीग. कलमा पढायचा आणि एकेक चिंचोका दुसऱ्या ढिगात टाकायचा. मजीदचाचा, कापडवाला, गावची सगळी मंडळी. मला मजीदचाचांनी हाताला धरून आत बसवलं, "तू घरचा," म्हणाले. हाजी बरोबर चित्रासमोर बसला होता. चित्रावर तुझा टॉवेल होता तसाच. मग कोणीतरी वजू करून आला आणि हात पुसायला तो टॉवेल खेचला.

"अरे, तसबीर उतरवा," कापडवाला म्हणाला, "इथे पढाई चाललीय." एक जण उठलाही. पण हाजी वर बघत होता. कोणत्याही माणसाने बघितलं असतं, गलबतातून पांढरा कागद फेकणारी माणसं.

"हे काय केलंय इब्राहिमने?" तो म्हणाला. "ह्या कागदाखाली कोण आहे?"

मी ठरवून गेलो नव्हतो, तुझी शपथ. पण मागे कोणीतरी पुन्हा तेच कुजबुजत होतं, की हसन आजही आला नाही, बेशरम.

"हसन," मी म्हणालो.

कलमे थांबले. मजीदचाचा म्हणाले, "काय बोलतोस, दानियल? हसन तर अल ऐनला..."

"हसन अल ऐनला कधी गेलाच नाही, चाचा. तो दुबईतसुद्धा पोचला नाही. आई जिवंत होती म्हणून इब्राहिमने सगळ्यांना तसं सांगितलं. हाजीसाहेबांच्या लाँचवरून तो उतरला, तेवढंच." मी मागे वळून कुजबुजणाऱ्यांकडे बघितलं. "आता त्याला बेशरम कोणी म्हणू नका."

सगळे हाजीकडे बघायला लागले. मी मनात म्हणत होतो, आता हा म्हणणार, कोण हसन, कुठली लाँच. इब्राहिम, तुझं खरं ठरणार, आणि तू नाहीस ते एका अर्थी बरंच झालं. त्याने मुठीतले चिंचोके चादरीवर ठेवले. चित्राकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. दाराकडे बघत, सुकाणूवरच्या त्या माणसासारखा, हळूच म्हणाला, "पाणी कमरेएवढंच होतं."

इब्राहिम, पाण्याचं मी कोणाला काहीच सांगितलं नव्हतं.